साडेतेवीस तासांची रात्र

बँकेत छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांचे खर्च तपासले. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागणाऱ्या व्यापाऱ्याच्या नफा-तोटा पत्रकात 'प्रवास खर्च' या सदराखाली मोठा आकडा दिसला की माझी पेन्सिल तेथे आपोआप थांबत असे. अशा माणसाने निवृत्तीनंतर स्वतःची मुदत ठेव मोडून मुंबई ते न्यूयॉर्क हा प्रवास विमानाच्या पहिल्या वर्गाने केला, ही वार्ता आमच्या ईट गावी पोचली. तेथील आमचे वडिलोपार्जित भुसार दुकान आता धाकटे बंधू सांभाळतात. दोन दिवस दुकानात तुरीच्या भावाची चर्चा मागे पडली, असे त्यांनीच फोनवर सांगितले. "दादा, तिकीट काढलं की जमीन घेतली?" असा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही, म्हणून ते येथे लिहितो.

कारण साधे होते. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या कन्येचे पहिले बाळंतपण डिसेंबरात होते आणि आमच्या सौ.च्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झाली होती. "सलग पाऊण तासाहून अधिक बसायचे नाही, आडवे होता येणार असेल तरच जा," असे शल्यविशारदांनी स्पष्ट बजावले होते. मुलगी म्हणाली, "मम्मी, तू येऊ नकोस." सौ. काही बोलल्या नाहीत. परंतु त्या रात्री त्यांनी बाळंतविड्याची पिशवी भरायला घेतली, यावरून मी काय ते समजलो.

मुलीने आपल्या क्रेडिट कार्डावर साठलेल्या गुणांतून आईचे एक तिकीट पहिल्या वर्गाचे काढले. दुसरे माझे. त्याच विमानात बिझनेस वर्ग होता, तेथेही आसनाचा सपाट पलंग होतो आणि त्याने आमचे काम भागले असते, हे आधीच कबूल करतो. परंतु त्या आठवड्यात बिझनेस वर्गात जागा शिल्लक नव्हती. मी व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेला असल्याने सुचवून पाहिले की सौ. पुढे पलंगावर झोपतील, मी मागे इकॉनॉमीत बसेन आणि दर दोन तासांनी जाऊन पाहून येईन. तिकीट काढून देणारा बार्शीचा तरुण हसला. "काका, तो पडदा ओलांडू देत नाहीत." औषधाच्या गुंगीत असलेल्या, कूस बदलायलाही हात लागणाऱ्या बाईला पावणेसोळा तास परक्यांच्या स्वाधीन करावे, असे मन धजेना. ठेव मोडली. मुदतपूर्व मोडल्याबद्दल व्याजात जी कपात होते, ती मी आयुष्यभर ग्राहकांना समजावून सांगत आलो. या वेळी काउंटरच्या पलीकडे उभे राहून ऐकून घेतली.

एका बाजूच्या भाड्याचा आकडा माझ्या निवृत्तीच्या वेळच्या सुमारे चार महिन्यांच्या पगाराइतका होता. त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा. इकॉनॉमीच्या तिकिटावर हा कर 5 टक्के आहे. त्यावरच्या वर्गांना पूर्वी 12 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. आपली व्यापारी मंडळी तिकिटाचा मूळ दर पाहतात आणि कराची ओळ शेवटी वाचतात, म्हणून सांगून ठेवतो.

तरीही हिशेबाची सवय सुटत नाही, म्हणून मी एक जुना आकडा काढून पाहिला. एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान 8 जून 1948 रोजी 35 प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. एका बाजूचे भाडे 1720 रुपये होते. तेव्हा सोने तोळ्याला शंभर रुपयांच्या आसपास होते. म्हणजे तिकीट पंधरा ते अठरा तोळ्यांचे झाले. आजच्या भावाने तेवढ्या सोन्यात न्यूयॉर्कची पहिल्या वर्गाची तीन-चार तिकिटे सहज यावीत, आणि इकॉनॉमीचे तिकीट तर तोळाभरसुद्धा भरत नाही. गंमत अशी की त्या काळी विमानात 'पहिला वर्ग' असे वेगळे काही नव्हतेच. सगळेच महाग होते. 1952 मध्ये अटलांटिकवर स्वस्त 'टुरिस्ट' वर्ग सुरू झाला, 1958 मध्ये 'इकॉनॉमी' आला, आणि मग उरलेल्यांना पहिला म्हणणे भाग पडले. आता तो पुन्हा लोप पावत चालला आहे. एअर इंडियाच्या नव्या ए-350 विमानांत 28 बिझनेस सूट आहेत, पहिला वर्ग नाही.

पैशाची बाब येथे संपली. खरी अडचण पैशाची नव्हतीच.

आमच्या घरी सूर्यास्तानंतर खाणे नाही. मी गेली अकरा वर्षे चौविहार करतो, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीही नाही. मुंबईत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातच्या आसपास उगवतो. तेरा तासांची रात्र, त्यात काही विशेष नाही. परंतु आमचे विमान रात्री दीड वाजता सुटून पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या मागे मागे, पण त्याला न गाठता जाणार होते. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते आणि तेथे त्या दिवसांत सूर्योदय साधारण 7 वाजून 5 मिनिटांनी होतो. कागदावर मांडले तेव्हा मुंबईच्या सूर्यास्तापासून न्यूयॉर्कच्या सूर्योदयापर्यंत साडेतेवीस तास भरले. त्यावर नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली तर चोवीस तासांच्या वर. संपूर्ण प्रवासात खिडकीबाहेर एकदाही उजाडणार नव्हते.

नातलगांत मते पडली. कोणी म्हणाले, मुंबईच्या घड्याळाने चाला, सात वाजले की पारणे करा. कोणी म्हणाले, देह जेथे आहे तेथली वेळ धरायची. मला दुसरे पटले. खिडकीबाहेर काळोख असताना मनगटावरचे घड्याळ पाहून सकाळ झाली म्हणणे, हे मला ताळेबंद सजवण्यासारखे वाटले. उपवासाचे भय नव्हते. भय पाण्याचे होते. विमानाच्या आतली हवा अत्यंत कोरडी असते, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली, आणि हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तसा. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, यावरून कल्पना यावी. तासन् तास हालचाल न केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो आणि शरीरात पाणी कमी असणे काही हिताचे नाही. आमचे डॉक्टर रागावलेच. शेवटी मी त्या रात्रीपुरते चौविहाराऐवजी तिविहाराचे पच्चक्खाण घेतले, म्हणजे पाणी तेवढे मोकळे. सौ.ना रात्रीच्या दोन गोळ्या होत्या; त्यांनी औषधाचा आगार ठेवला. अकरा वर्षांत प्रथमच रात्री पाणी पिणार, याचे मला वाईट वाटले. अजूनही थोडे वाटते.

घाटकोपरला मेहुण्यांकडे साडेपाचला जेवून आम्ही निघालो. विमानतळावरच्या पहिल्या वर्गाच्या विश्रामकक्षात गेलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि समोर पक्वान्नांच्या रांगा मांडलेल्या होत्या. आम्ही दोघे त्यांच्याकडे पाठ करून बसलो. माझ्या मनात त्या क्षणी आले ते असे, की या तिकिटाच्या किमतीत स्वयंपाकघराचा वाटा मोठा असणार आणि तो सगळा आमच्या खात्यावर बुडीत जाणार.

विमानात आत शिरताना डावीकडे वळायचे असते, हे प्रथमच अनुभवले. मोजक्या जागा, प्रत्येकीभोवती कमरेच्या वर येणारी भिंत, सरकते दार. लगेच एक तरुण सेविका पेयांचे तबक घेऊन आली. मी मान हलवली. तिने संत्र्याचा रस पुढे केला. पुन्हा मान हलवली. "सर, काहीच नाही?" मी म्हणालो, "कोमट पाणी द्या." माझ्या इंग्रजीतला मराठी हेल तिने ओळखला असावा. ती साताऱ्याकडची निघाली, आणि तेथून पुढे मी 'सर'चा 'काका' झालो. रात्री आम्ही जेवणार नाही हे कळल्यावर तिने न्याहारीचे विचारले. आम्ही जैन भोजन आधीच नोंदवले होते. ज्यांना प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो की तिकिटावर त्याची खूण 'व्हीजेएमएल' अशी असते आणि किमान चोवीस तास आधी नोंद करावी लागते. 'एव्हीएमएल' हे हिंदू शाकाहारी भोजन असते; त्यात कांदा-बटाटा येतो. पहिल्या वर्गात पाहिजे ते तयार करून देतात, असा समज ठेवून नोंद न करता गेल्यास फसगत होते, कारण विमानात शिजवत नाहीत, खालून आलेले गरम करतात.

मग तिने सौ.चे आसन सपाट केले, त्यावर वेगळी गादी अंथरली, चादर, दुलई, उशी. सौ.नी उशी दाबून पाहिली आणि मला हळूच म्हणाल्या, "अहो, ही पिसांची तर नाही ना?" पिसांचीच होती. मुलीने निमूटपणे कापसासारख्या कृत्रिम तंतूंची दुसरी आणून दिली, दुलईही बदलली. आसनाच्या चामड्यावर चादर आली होती, त्यामुळे तो प्रश्न आम्ही काढला नाही. रात्रीचे कपडे व सपाता प्रत्येकाला दिल्या होत्या, सौ.नी सपाता तेवढ्या घेतल्या. पावणेतीनच्या सुमारास त्या कुशीवर झोपल्या, गुडघ्यांमध्ये दुसरी उशी. शस्त्रक्रियेनंतर घरीसुद्धा त्या सलग तीन तासांहून अधिक झोपल्या नव्हत्या.

मला झोप नव्हती. मी अधूनमधून उठून त्यांच्या दाराशी जाई. विमान पुढे जात होते आणि समोरच्या पडद्यावर नकाशात आमच्यावरचा काळा पट्टा आमच्याबरोबर सरकत होता. शेजारच्या दोन दारांआड कोण होते, ते शेवटपर्यंत दिसले नाही. मला तेव्हा सोलापूरचे वालचंद हिराचंद आठवले. 1939 मध्ये अमेरिकेहून पॅन अमेरिकन कंपनीच्या क्लिपर विमानाने परतताना त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी गृहस्थाशी पडली, ज्यांचा चीनमध्ये विमानांचा कारखाना होता. त्या प्रवासातल्या बोलण्यातून डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजच्या पहिल्या वर्गात शेटजी बसले असते तर बहुधा दार लावून झोपले असते. आपल्याकडचे काही तरुण 'तेथे मोठ्या लोकांशी ओळखी होतात' म्हणून महाग तिकीट काढतात, असे ऐकतो. त्यांनी हा खर्च निदान या खात्यावर टाकू नये.

सौ. दोनदा उठल्या. दोन्ही वेळा हात धरून मार्गिकेत शंभर-शंभर पावले चाललो. पुढे मोकळी जागा बरीच असते, मागच्या बाजूला हे जमले नसते. एकदा गोळ्या, एकदा नुसते पाणी. मीही दोन पेले पाणी प्यायलो. नंतर त्या पुन्हा झोपल्या. मी मोजले, एकूण नऊ तास.

उतरण्यापूर्वी न्याहारी आली. आमचे जैन भोजन अगदी आमच्या नावाच्या चिठ्ठीसह, वाफाळलेले, पांढऱ्या शुभ्र कापडावर. न्यूयॉर्कच्या वेळेने पहाटेचे सव्वापाच झाले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. सातारकर मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी खिडकीकडे बोट केले. ती म्हणाली, "काका, तेवढी फळं तरी पिशवीत घ्या, नंतर खा." पण ताजी फळे अमेरिकेत उतरवू देत नाहीत, हे तिलाच आठवले आणि ती हसली. ताटे झाकलेलीच परत गेली.

पावणेसातला विमान टेकले. चाकाच्या खुर्चीतून सौ.ना परवान्याच्या रांगेकडे नेत असताना एका लांब काचेपलीकडे आकाश तांबडे झाले. मी घड्याळ पाहिले, त्यांनी हात जोडले. बाहेर जावई थर्मास घेऊन उभे होते. मुलीने मुगाचे पातळ कढण दिले होते. आठ वाजेपर्यंत आम्ही ते उघडले नाही. मोटारीत बसताना सौ. कोणाचाही हात न धरता वाकल्या, तेव्हा जावई माझ्याकडे पाहू लागले.

पाचव्या दिवशी नात झाली. रुग्णालयात तिला आधी आजीच्या हातात दिले.

परतीचा प्रवास मार्चमध्ये होता. तोवर सौ. दोन-अडीच तास बसू शकत होत्या. प्रीमियम इकॉनॉमीची तिकिटे काढली. विमान दुपारी सुटले, पूर्वेकडे येताना रात्र सहा-सात तासांतच आटोपली, आणि सूर्यास्तापूर्वी जैन भोजनही पोटात गेले होते. ते चविष्ट होते, असे मात्र म्हणवत नाही.

ईटला गेलो तेव्हा बंधूंनी दुकानातच पुन्हा तोच प्रश्न केला. मी आकडा सांगितला, कराच्या ओळीसह. त्यांनी पेन खाली ठेवले. वहिनी तोवर दुकानाच्या तिन्ही पायऱ्या चढून आत आल्या होत्या आणि पोत्यातली नवी तूर मुठीत घेऊन दाणा पाहत होत्या.