विश्लेषण : मिहानमधील अभियंत्याची अमेरिकावारी हिस्पॅनिक मतांशी कशी जोडलेली?

नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची संकुले आहेत. आयटीतील अनेकांच्या कारकीर्दीत ‘ऑनसाइट’, म्हणजे परदेशातील ग्राहक कंपनीत जाऊन काम करण्याची संधी, हा महत्त्वाचा टप्पा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले आणि हा टप्पा आणखी दुरावला. चर्चा शुल्काची झाली, पण दुखणे जुने आहे. अमेरिकेने कायदेशीर स्थलांतराच्या नियमांची मोठी फेररचना १९९० नंतर केलेलीच नाही. त्यामागे हिस्पॅनिक मतांभोवती फिरणाऱ्या राजकारणाचा मोठा वाटा आहे.

सध्याचे नियम काय?

एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार आहे. अमेरिकी विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज याहून बरेच जास्त येत असल्याने निवड करावी लागते. एक लाख डॉलरचे शुल्क प्रामुख्याने अमेरिकेबाहेरील व्यक्तीसाठीच्या नव्या अर्जाला लागू आहे. तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून सूट आहे. मिहानमधून थेट जाऊ पाहणाऱ्याला नाही.

व्हिसा मिळाला तरी पुढे ग्रीन कार्डची रांग आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड दिली जातात आणि एका देशाच्या वाट्याला सुमारे ७ टक्क्यांहून अधिक जात नाहीत. भारताला जी मर्यादा, तीच आइसलँडला. त्यामुळे भारतीयांना दहा-दहा वर्षांहून अधिक थांबावे लागते. या काळात मूल २१ वर्षांचे झाले, तर पालकांच्या अर्जावरील त्याचा हक्क जाऊ शकतो.

हिस्पॅनिक मतदार कोण?

मेक्सिको, क्युबा, प्वेर्तो रिको यांसारख्या स्पॅनिशभाषक प्रदेशांशी मूळ असलेले अमेरिकी नागरिक. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोकसंख्या ६.२१ कोटी, म्हणजे सुमारे १९ टक्के होती. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार मतदानास पात्र हिस्पॅनिक २००० मध्ये १.४३ कोटी होते. २०२४ मध्ये ते ३.६२ कोटी झाले. ॲरिझोना, नेवाडा यांसारख्या अटीतटीच्या राज्यांत त्यांची संख्या मोठी असल्याने दोन्ही पक्षांना ही मते हवी असतात.

एच-१बीधारकाला मात्र मतच नसते. तो कर भरतो, घर घेतो, पण नागरिक होईपर्यंत मतदान करू शकत नाही.

दोन प्रश्न एकत्र कसे आले?

२०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामांना सुमारे ७१ टक्के हिस्पॅनिक मते मिळाली, मिट रॉम्नी यांना २७ टक्के. पराभवानंतर रिपब्लिकन पक्षाच्याच अहवालाने सर्वंकष स्थलांतर सुधारणेला पाठिंबा देण्याची शिफारस केली. दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांनी मिळून विधेयक आणले. २७ जून २०१३ रोजी सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले.

त्यात कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे १.१ कोटी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग होता. त्याच विधेयकात एच-१बीची मर्यादा किमान १ लाख १५ हजार करण्याची आणि नोकरीच्या ग्रीन कार्डवरील देशनिहाय मर्यादा हटवण्याचीही तरतूद होती. भारतीय आयटी कंपन्यांसाठी ते दुधारी होते. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक कर्मचारी अशा व्हिसावर असलेल्या कंपन्यांना नवे व्हिसा टप्प्याटप्प्याने बंद होणार होते.

मग अडले कुठे?

प्रतिनिधिगृहात. तिथे रिपब्लिकनांचे बहुमत होते आणि विधेयक मतदानालाच आले नाही. नागरिकत्वाच्या तरतुदीला पक्षातील मोठ्या गटाचा विरोध होता. जून २०१४ मध्ये पक्षाचे सभागृह नेते एरिक कँटर स्थलांतराच्या मुद्द्यावरून टीका झेलत पक्षांतर्गत निवडणुकीत हरले आणि उरलीसुरली आशाही मावळली. वाद सीमेवरून आलेल्यांचा होता. त्यात रांगेतल्या अभियंत्यांचा प्रश्नही बुडाला.

भारतीयांसाठी वेगळा कायदा का नाही?

तोही प्रयत्न झाला. देशनिहाय मर्यादा हटवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही वेगळा मसुदा मंजूर केला, पण दोन्हींचा मेळ बसला नाही. एकूण ग्रीन कार्ड न वाढवता रांग बदलली, तर इतर देशांचे अर्जदार मागे पडतात, हा मुख्य आक्षेप होता.

बेळगावात वाढलेले मराठीभाषक श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. पण ४३५ सदस्यांच्या सभागृहात भारतीय वंशाचे सदस्य सहाच आहेत.

हिस्पॅनिक मतांचा कल बदलतोय का?

प्यूच्या विश्लेषणानुसार डोनाल्ड ट्रम्प यांना २०१६ मध्ये २८, २०२० मध्ये ३६ आणि २०२४ मध्ये ४८ टक्के हिस्पॅनिक मते मिळाली. टेक्सासमधील बहुसंख्य हिस्पॅनिक स्टार काउंटीने १८९२ नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. अनेकांसाठी स्थलांतरापेक्षा महागाई मोठी होती. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू जर्सीतील पसेइक काउंटी पुन्हा डेमोक्रॅटांकडे वळली. तिथेही हिस्पॅनिक वस्ती मोठी आहे.

म्हणजे ही मते आता कुणाचीच हक्काची नाहीत. २०१३ मध्ये ‘सुधारणा केली नाही तर ही मते जातील’ या भीतीने रिपब्लिकनांना चर्चेला बसवले होते. सीमेवर कठोर राहूनही ती मिळतात, हे २०२४ ने दाखवल्यावर ती भीती ओसरली.

पुढे काय?

शुल्क अध्यक्षांच्या आदेशाने आले, ते आदेशाने किंवा न्यायालयाच्या निकालाने जाऊ शकते. पण वार्षिक मर्यादा आणि ग्रीन कार्डची रांग बदलायला कायदाच लागतो आणि सिनेटमध्ये त्यासाठी सहसा १०० पैकी ६० मते, म्हणजे दोन्ही पक्षांची साथ लागते. ३ नोव्हेंबर २०२६ ही अमेरिकी काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुकीची तारीख आहे. तेव्हा हिस्पॅनिक मते कुठे झुकतात, यावर स्थलांतराची चर्चा पुन्हा सुरू होणार का, हे बरेचसे ठरेल. मिहानमध्ये बसून ऑनसाइटचा विचार करणाऱ्याने व्हिसाच्या बातमीइतकेच त्या निकालाकडेही लक्ष ठेवायला हवे.