सायलेन्सरचा गंजलेला बोल्ट काढताना

मोटारीच्या एक्झॉस्टवरचे नट-बोल्ट गाडीच्या इतर कोणत्याही भागातल्या नट-बोल्टांपेक्षा लवकर जाम होतात. इंजिन चालू झाले की मॅनिफोल्ड काही मिनिटांत कित्येकशे अंशांपर्यंत तापतो, बंद झाले की पुन्हा थंड होतो. बोल्टवर गंजरोधक म्हणून दिलेला जस्ताचा मुलामा सुमारे 420 अंश सेल्सियसला वितळतो, त्यामुळे मॅनिफोल्डजवळच्या बोल्टवर तो फार काळ टिकत नाही. इंधन जळताना तयार होणारी वाफ थंड नळीत पाणी होऊन साचते आणि सांध्यांतून झिरपते. बाहेरून रस्त्यावरचे पाणी आणि चिखल उडत असतो. कोकण किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर पडते.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. बोल्ट आणि नट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. गंज त्या फटीत धरला की तो दोन्ही बाजूंना दाबत जातो आणि आटे एकमेकांत घट्ट रुतून बसतात. त्याच वेळी बोल्ट बाहेरून झिजून बारीक होत असतो. धरून ठेवणारी पकड वाढते आणि बोल्टची ताकद घटते, म्हणून जुना बोल्ट सुटण्याआधी तुटतो. 8 मिलिमीटरचा साधा बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटर पिळाने आवळलेला असतो. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर दहा किलोचा भार टाकला, तरी त्याच्या जवळजवळ दुप्पट पीळ पडतो. पान्याला लांब पाइप लावून सगळा जोर एकदम लावण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

काम सुरू करण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही जाऊ नये. भक्कम स्टँड लावावेत. गंजाचे कण थेट डोळ्यांत पडतात, त्यामुळे चष्मा हवाच.

पहिले काम सफाईचे. तारेच्या ब्रशने बोल्टचे उघडे आटे चकचकीत होईपर्यंत घासावेत, कारण नट सुटला तरी त्याला पुढे याच आट्यांवरून जायचे असते. मग गंज सोडवणारे पातळ तेल मारावे. ते आट्यांत शिरायला वेळ लागतो. आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी पुन्हा मारले तर उत्तम. मधूनमधून बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. त्या हादऱ्याने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

पान्याची निवडही तितकीच महत्त्वाची. उघड्या तोंडाचा फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो आणि कोपरे गोल करून टाकतो. सहा कोनी सॉकेट सहाही बाजूंना पकडते, म्हणून ते वापरावे आणि ठोकून पूर्ण खाली बसवावे. गंजाने डोके बारीक झाले असेल, तर एक माप लहान सॉकेट ठोकून बसवता येते. प्रथम बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा, मग सोडण्याच्या. थोडा हलला की पाव फेरा मागे, तेल, पुन्हा थोडा पुढे, अशा क्रमाने आट्यांतला भुगा बाहेर काढत जावे. बोल्ट काय करतो आहे हे हाताला कळते. ‘कट्ट’ असा आवाज होऊन पाना एकदम सरकला, तर गंज सुटला. पाना मऊ, रबरासारखा फिरू लागला, तर बोल्ट पिळवटतो आहे. तिथेच थांबावे.

तेलाने काम झाले नाही, तर उष्णता हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. पोलाद दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांश इतके प्रसरण पावते. 10 मिलिमीटरचा नट बोल्टपेक्षा 300 अंशांनी जास्त तापला, तर त्याचे भोक जवळपास 0.036 मिलिमीटरने मोठे होते. एवढ्याशा फरकाने गंजाचे बंध तुटतात. नट लालसर होईपर्यंत गॅसच्या ज्योतीने तापवून लगेच पाना लावावा. थोडा निवल्यावर आट्यांवर मेणबत्तीचे मेण टेकवले, तर ते वितळून आत ओढले जाते.

ज्योत पेटवण्याआधी आधीचे तेल पुसून काढावे. इंधनाची नळी, ब्रेकची नळी, वायरी, रबरी बुश आणि ऑक्सिजन सेन्सर जवळ असतील, तर ज्योत वापरू नये. सीएनजी गाडीच्या तळातून गॅसची नळी जाते, तिथे हा प्रयोग घरी मुळीच करू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेला भाग तापवल्यास फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. गॅरेजमध्ये विजेवर चालणारा इंडक्शन हीटर असल्यास ज्योतीशिवायच नट तापवता येतो.

नटाचे कोपरे गेलेच, तर नट फोडण्याचे हत्यार किंवा ग्राइंडर वापरून तो एका बाजूने चिरावा. बोल्ट आरपार असेल तर तो कापून नवा घालणे हे वेळेचे आणि पैशाचेही शहाणपण. मॅनिफोल्डमध्ये रुतलेला स्टड तुटला, तर काम अवघड होते. तुकडा थोडा वर असल्यास त्यावर नवा नट वेल्ड करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज सुटतो आणि पाना लावायला नवे डोके मिळते. तुकडा पृष्ठभागाबरोबर तुटला असेल, तर बरोबर मध्यावर पंच मारून आधी बारीक आणि मग जाड ड्रिलने भोक पाडावे. 8 मिलिमीटरच्या, 1.25 पिचच्या आट्यांसाठी 6.8 मिलिमीटरचे ड्रिल लागते. त्यानंतर टॅप फिरवून आटे साफ करता येतात. तुकडा बाहेर खेचणारा एक्स्ट्रॅक्टर जपून वापरावा. तो अतिशय कठीण पोलादाचा असतो. आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही.

जोडणी करताना जुने नट-बोल्ट आणि पॅकिंग पुन्हा वापरू नये. नव्या आट्यांवर तांबे किंवा निकेलची पूड असलेले, उष्णता सोसणारे अँटी-सीझ थोडेसे लावावे. साधे ग्रीस तिथे जळून जाते. बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या पिळानेच आवळावेत आणि इंजिन सुरू करून सांधा फुसफुसतो का ते तपासावे. गळक्या सांध्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो, म्हणून सांधा पक्का बसल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.