नाव उसवा, जर्सी वाचवा!

मंडळ फुटलं, प्रायोजक पळाला, नाहीतर ओपनिंगचा बॅट्समन शेजारच्या संघाला जाऊन मिळाला. कारण काहीही असो, जर्सीवरचं नाव एका रात्रीत शिळं होतं आणि कापड मात्र अजून ठणठणीत असतं. मग घरातलं कुणीतरी ब्लेड घेऊन बसतं आणि नावासोबत जर्सीचाही निकाल लागतो. निदान बुऱ्हाणपुरात तरी असं होऊ नये. तापीकाठच्या या गावाने शतकानुशतकं कापडावर पोट भरलंय. सतराव्या शतकात इथून गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जातं. तेव्हा उसवणं, सोलणं आणि धुणं यांबद्दलच्या या काही गमतीच्या आणि कामाच्या गोष्टी.

अक्षरामागचं बुऱ्हाणपूर

भरतकामाने नाव घातलेली जर्सी आतून चाचपून बघा. अक्षरांच्या मागे ताठ, पांढरा तुकडा हाताला लागतो. ते बकरम, नाहीतर त्याच्याच जातीचं अस्तर. ते नसेल तर ताणलं जाणारं कापड सुईखाली गोळा होतं आणि अक्षरं वेडीवाकडी येतात. कॉलर, कफ आणि पँटचा कमरपट्टा ताठ ठेवणारं हे बकरम बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांची ओळख आहे. कॅम्ब्रिक, मार्किन आणि धोतरांच्या जोडीला इथे बकरम आणि इंटरलायनिंगचं कापडही निघतं. नाव उसवल्यावर हा तुकडाही काढायचा असतो, हे बरेच जण विसरतात. मग छातीवर नाव नसतं, पण आत काहीतरी टोचत राहतं!

वार नेहमी मागून

टेलरमास्तर नाव वरून उसवत नाहीत, आधी जर्सी उलटी करतात. मशीनचा नेहमीचा टाका दोन दोऱ्यांचा असतो : वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनमधला. दोघं कापडात एकमेकांत अडकतात. या टाक्याच्या मशीनचं पेटंट अमेरिकेत एलियास हो यांनी १८४६ साली घेतलं. दोनपैकी एक दोरा तुटला, की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही. म्हणून मागचा बॉबिनचा दोरा दर चार-पाच टाक्यांनी तोडायचा, जर्सी सुलटी करायची आणि वरचा दोरा ओढायचा. सरसर निघतो.

भरीव अक्षर असेल तर मागच्या बाजूने टाक्यांच्या मधोमध ब्लेड हलकेच फिरवायचं. मजा अशी, की मागून कापताना दोऱ्याच्या खाली आधी बकरम येतं आणि मग जर्सी. हात चुकला तरी पहिला घाव बकरम झेलतं. वरून कापणाऱ्याला ही सवलत नाही.

एका ओढीत गायब

काही नावं साखळी टाक्याने घातलेली असतात. हा टाका एकाच दोऱ्याचा असतो आणि प्रत्येक फास पुढच्या फासात गुंतलेला असतो. सुरुवातीच्या टोकाने ओढाल तर गाठ आवळेल. जिथे शिलाई संपली त्या टोकाने ओढाल तर अख्खं नाव क्षणात हातात येईल. तांदळाच्या गोणीचं तोंड याच टाक्याने शिवतात. त्यामुळे योग्य टोक धरणारा दुकानदार एका झटक्यात गोणी उघडतो आणि चुकीचं टोक धरणारा शेवटी कात्री शोधतो.

भोकं जातात कुठे?

नाव निघालं की सुईच्या भोकांची रांग दिसते आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका. बहुतेक जर्सी विणलेल्या, म्हणजे होजिअरीच्या कापडाच्या असतात. अशा कापडासाठी गोल टोकाची सुई वापरतात. ती धागा तोडत नाही, त्याला बाजूला सारते. तेव्हा वाफेची इस्त्री धरायची, नखाने उभं-आडवं हलकं घासायचं आणि जर्सी धुवून टाकायची. सरकलेले धागे बरेचसे जागेवर येतात. धागाच तुटला असेल तर मात्र तिथून जाळी उसवत जाते. मग रफूवाला गाठा, तोही त्याच दिवशी.

पांढरं नाव? तिथे काहीच नाही!

हल्ली गल्लीतल्या टेनिस-बॉल स्पर्धेपासून कबड्डी मंडळापर्यंत बहुतेक जर्सी सब्लिमेशनच्या असतात. यात कागदावरचा रंग सुमारे २०० अंश सेल्सिअसला कापरासारखा घनरूपातून थेट वायू होतो आणि पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतो. थंड झाला की आतच अडकतो. हा रंग उसवत नाही, सोलत नाही आणि धुतल्याने जात नाही.

या छपाईत पांढरी शाई नसतेच. निळ्या जर्सीवर पांढऱ्या अक्षरांत नाव दिसतं, तिथे खरं तर काहीही छापलेलं नसतं. भोवतालचं सगळं निळं केलेलं असतं आणि नावापुरतं मूळ पांढरं कापड सोडलेलं असतं. जे छापलंच नाही ते पुसणार कसं?

चिकटलेलं नाव

तिसरा प्रकार प्लास्टिकच्या पातळ पत्र्यासारख्या अक्षरांचा. ती हीट प्रेसखाली गरम करून डिंकाने चिकटवलेली असतात. जे उष्णतेने चिकटलं ते उष्णतेनेच सुटतं. जर्सी उलटी करून वर सुती फडकं टाका, मध्यम इस्त्री काही सेकंद दाबा आणि कोपऱ्यापासून सावकाश सोला. घाई नको. पॉलिस्टर वितळायला सुमारे २६० अंश लागतात, पण त्याच्या बरंच आधी कापडावर कायमची चकाकी येते.

उरलेल्या डिंकावर स्पिरिट किंवा ॲसिटोनचा बोळा चालतो. पॉलिस्टर ॲसिटोनला दाद देत नाही, ॲसिटेटचं कापड मात्र त्यात चक्क विरघळतं. म्हणून आतल्या शिवणीवर आधी थेंबभर लावून बघा. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसच्या शेगडीपासून दूर बसा.

नाव गेलं, भूत राहिलं

जुन्या जर्सीवरून नाव काढलं तरी ते अंधूक वाचता येतं. लोक मळ समजून घासत सुटतात. तो मळ नसतोच! वर्षानुवर्षं उन्हात बाकीचं कापड विटलेलं असतं आणि अक्षरांखालचं कापड मूळ रंगाचं राहिलेलं असतं. जे गडद दिसतं तेच खरं. यावर साबण चालत नाही. उपाय दोनच : त्याच जागी तेवढंच किंवा मोठं नवं नाव लावा, नाहीतर ते मिरवा.

पाठीवरचा प्रवास

पाठीवर आकडे घालण्याची कल्पना इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये २५ ऑगस्ट १९२८ रोजी आर्सेनल आणि चेल्सी या संघांनी करून पाहिली. क्रिकेटच्या विश्वचषकात रंगीत कपडे आणि पाठीवर नाव १९९२ साली आलं. कसोटीच्या पांढऱ्या कपड्यांना नाव आणि आकडा मिळायला मात्र १ ऑगस्ट २०१९ उजाडला, ॲशेस मालिकेत.

पालघरच्या शार्दूल ठाकूरने ऑगस्ट २०१७ मध्ये एकदिवसीय पदार्पण केलं ते १० क्रमांकाची जर्सी घालून. सचिनचा आकडा! समाजमाध्यमांवर असा गदारोळ उठला की पुढे शार्दूल ५४ क्रमांकावर गेला आणि १० कुणाला देईनासे झाले. काही आकडे उसवावे लागत नाहीत, लोकच उसवून देतात.

प्रायोजक गायब, जेतेपद हजर

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि भारतीय संघाचा प्रायोजक ड्रीम-इलेव्हन बाहेर पडला. सप्टेंबरमधला आशिया चषक आपला संघ छातीवर प्रायोजकाचं नाव न घालता खेळला. तिथे देशाचं नाव होतं. चषकही जिंकला. ज्यांनी जुन्या प्रायोजकाच्या जर्सी घेऊन ठेवल्या होत्या, त्यांनी मात्र इस्त्री तापवली असेल!

टाके पक्के, स्पेलिंग कच्चं

१७ एप्रिल २००९. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाचे ॲडम डन आणि रायन झिमरमन मैदानात उतरले. छातीवर संघाचं नाव ठसठशीत शिवलेलं, फक्त स्पेलिंगमधला 'ओ' गायब. तेव्हा मंडळाची नवी जर्सी शिवायला टाकण्याआधी कागदावर नाव लिहून दोघांकडून वाचून घ्या. उसवण्यापेक्षा वाचणं स्वस्त पडतं.

घामाला वास नसतो

ताज्या घामाला जवळपास वासच नसतो. वास येतो तो घामावर जगणाऱ्या जिवाणूंमुळे. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली व्यायाम केलेल्या २६ जणांचे टी-शर्ट तपासले. पॉलिस्टरचे टी-शर्ट सुती टी-शर्टांपेक्षा जास्त उग्र वासाचे निघाले आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिस्टरवर मजेत वाढलेले दिसले. म्हणून खेळून आल्यावर जर्सी बॅगेत कोंबू नका. उलटी करून धुवा आणि सावलीत वाळवा. सुगंधी कंडिशनर टाळा. त्याचा थर बसला की जर्सी घाम नीट शोषत नाही आणि वास आणखी मुरतो. लायक्रा असेल तर क्लोरीनचं ब्लीचही नको, लवचीकपणा जातो.

कुंडी भंडाऱ्याचा धडा

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ सालचा. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, शंभरावर कुंड्यांमार्गे, फक्त उताराच्या जोरावर गावात आणणारी ही योजना. त्याच्या भिंतींवर चुन्याचे थर साचलेत. धुण्याच्या बाबतीत हाच चुना खलनायक ठरतो. पाणी जड असलं की साध्या साबणाला फेस येत नाही, कॅल्शियमशी मिळून त्याची राखाडी साय होते आणि ती कापडावरच बसते. पांढरी जर्सी घासून घासून करडी होते ती यामुळे. अशा पाण्यात वडीपेक्षा डिटर्जंट पावडर बरी.

केळीचा चीक, बिब्ब्याची खूण

बुऱ्हाणपूर, रावेर, यावल हा सगळा केळीचा पट्टा. बागेतून थेट मैदानात आलेल्या पोराच्या जर्सीवर चिकाचा डाग हमखास. चीक निघतो पाण्यासारखा, पण हवा लागली की तपकिरी होतो, मग काळा. चिरलेलं वांगं काळं पडतं, तीच ही क्रिया. वाळायच्या आत भरपूर थंड पाण्याने धुवा आणि लिंबू चोळा, कारण आम्लाने काळं पडणं मंदावतं. वाळल्यावर मात्र तो डाग जर्सीचा कायमचा भाडेकरू.

याहून पक्का रंग बिब्ब्याचा. जुने धोबी बिब्ब्याचा रस आणि चुना वापरून कपड्यावर गिऱ्हाइकाची खूण करत. कितीही भट्ट्या झाल्या तरी ती जात नसे. बेवारस कपड्यांचा मालक शोधायला पोलिसांनाही या खुणांचा उपयोग होई. जर्सीवर हा प्रयोग नको. बिब्ब्याने कातडीवर फोड येतात.

जळालं तरी फायदा

एकेकाळी बुऱ्हाणपुरात सोन्या-चांदीची तार ओढून जरीचं कापड विणलं जाई. अस्सल जरीचं वैशिष्ट्य असं, की जुनी साडी विरली तरी काठ विकत घेणारे असतात. काठ जाळला की रेशीम जातं आणि चांदी उरते. जर्सीच्या चमकत्या अक्षरांवर हा मोह टाळा. ती चमक पॉलिस्टरवरच्या धातूच्या पातळ मुलाम्याची असते. हाती राख आणि धूर याशिवाय काही लागायचं नाही.

आता ब्लेड उचलण्याआधी एवढं करा : जर्सी उलटी करून उजेडात धरा. मागे दोरा दिसला तर उसवा. मागे काही नाही, पण पुढे बोटाला अक्षराची कड लागते, तर गरम करून सोला. मागे दोरा नाही आणि पुढे कडही नाही, तर ब्लेड खाली ठेवा. ते नाव निघणार नाही. ती जर्सी सरावाला ठेवा आणि सामन्यासाठी नवी शिवा.