पळसपापडी आणि जंत

मारेगावच्या शिवारात पळसाला तोटा नाही. त्याच्या शेंगेतली चपटी, तांबूस बी म्हणजे पळसपापडी. जंतांवर ती पूर्वापार देतात. प्रयोगशाळेत तिचा अर्क बशीतल्या गांडुळांवर टाकतात आणि ती किती मिनिटांत लुळी पडतात, कधी मरतात, हे अल्बेंडाझोल किंवा पायपराझिन या जंतांवरच्या औषधांशी ताडून पाहतात. पण गांडूळ मातीतलं, जंत आतड्यातला! माझ्या मते खरी कसोटी पुढेच असते: औषध दिल्यावर विष्ठेतली अंडी किती घटली, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. शिवाय या बियांतलं पॅलासोनिन हे द्रव्य अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांच्या विषाचं, म्हणजे कॅन्थरिडिनचं, सख्खं भावंड आहे. म्हणून लेकराला अंदाजाने पूड चाटवू नये. अल्बेंडाझोलची गोळी शाळेत, अंगणवाडीत फुकट मिळते.