दाराची रुंदी किती?

आपल्या वर्गाच्या दाराची रुंदी किती, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहा. मोजपट्टी देऊन चार गट पाठवलेत तर बहुधा चार वेगवेगळी उत्तरे येतील. गंमत म्हणजे चारही बरोबर असू शकतील.

आम्ही वास्तुरचनाकार नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांचा या प्रश्नाशी संबंध आला तो एका शाळेमुळे. शाळेने नवे स्वच्छतागृह बांधले होते. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा विचार त्यात मुद्दाम केला होता. पायऱ्यांऐवजी उतार होता, आत धरायला दांड्या होत्या. नकाशा संगणकावर काढलेला, आणि दाराशेजारी ‘९००’ हा आकडा स्पष्ट छापलेला. अशा दाराला ९०० मिलिमीटर रुंदी लागते हे बाईंनी वाचले होते, त्यामुळे त्या निश्चिंत होत्या. बांधकाम पुरे झाले. मुलगी आत गेली, पण चाके फिरवणाऱ्या तिच्या हातांची बोटे दोन्ही बाजूंना चौकटीवर घासली. आम्ही तिथे दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. मोजून पाहिले, तर जायला जागा ७५० मिलिमीटरच होती. गवंड्याचे काम नकाशाबरहुकूम होते, सुताराचेही होते. मग १५० मिलिमीटर गेले कुठे?

हा हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. भिंतीत दारासाठी ठेवलेली पोकळी ९०० मिलिमीटर. चौकट बसावी म्हणून दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर सैल ठेवले, म्हणजे चौकटीची बाहेरून रुंदी ८९०. चौकटीच्या दोन उभ्या बाह्या प्रत्येकी ६० मिलिमीटर जाड, उरले ७७०. आता बाहीला आतून १५ मिलिमीटर खोल खाच मारलेली असते आणि फळी तिच्यात जाऊन टेकते. म्हणून फळी ७७० पेक्षा मोठी: दोन्हीकडच्या खाचा मिळवून ८००, त्यातून फटींचे तीन-तीन मिलिमीटर वजा, म्हणजे ७९४. दार काटकोनात उघडले की फळीची ३५ मिलिमीटर जाडी बिजागरीच्या बाजूला वाटेत उभी राहते. त्यातले १५ खाचेत मुरतात, २० बाहेर डोकावतात. ७७० उणे २०, उरले ७५०. बिजागरीच्या फटीचा एखाददुसरा मिलिमीटर आम्ही सोडून दिला आहे. दार भिंतीपर्यंत मागे लोटता आले तर ते २० परत मिळतात, पण इथे आडवी भिंत होती.

९००, ८९०, ७९४ आणि ७५० अशा या चार रुंद्या. गवंड्याची पहिली, चौकट करणाऱ्याची दुसरी, फळी करणाऱ्याची तिसरी आणि दारातून जाणाऱ्या माणसाची चौथी. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत जे किमान ९०० मिलिमीटर सांगितले आहेत ते या चौथ्या रुंदीचे. तेवढी मिळवायची तर आपल्या चौकटीच्या मापाने पोकळी १०५० ठेवावी लागते.

संगणकावर दार ‘काढतात’ म्हणजे नेमके काय करतात, हे पाहिले की हा घोटाळा कसा होतो ते कळते. नुसत्या चित्रात दार म्हणजे दोन रेघा आणि एक पाव वर्तुळ. संगणकाच्या दृष्टीने त्या रेघांचा भिंतीशी काही संबंध नसतो. भिंत सरकवली तर दार हवेत लटकते. आजच्या वास्तुरचनेच्या आज्ञावलीत मात्र दार ही एक वस्तू असते. तिला चौकट असते, फळी असते, आणि त्या भागांची मापे समीकरणांनी एकमेकांना बांधलेली असतात. आपण पोकळीची रुंदी बदलली की चौकट, फळी, तावदान सगळे आपापले माप बदलून घेतात.

या कल्पनेचे मूळ बरेच जुने आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली पीएच.डी.साठी तयार केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढायची आणि ‘ही रेघ त्या रेघेला समांतर राहील’ अशी अट घालायची. अट पाळण्याचे काम संगणकाचे. आणखी एक सोय तिच्यात होती. एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रती मांडता येत, आणि मूळ बदलले की सगळ्या प्रती बदलत. शाळेच्या इमारतीत एकाच नमुन्याच्या चाळीस खिडक्या असतात, त्यांना हेच तत्त्व लागू पडते. पुढे १९७५ साली चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीची रेखाचित्रे काढण्याऐवजी संगणकात तिचे एकच वर्णन साठवावे आणि नकाशे त्यातून काढून घ्यावेत अशी मांडणी केली. आर्किकॅड, २००० साली आलेली रेव्हिट आणि कोणालाही फुकट मिळणारी फ्रीकॅड या आज्ञावल्या त्याच वाटेवरच्या.

असे दार तयार करणारा अनुभवी माणूस लाकडाला सुरुवातीला हातच लावत नाही. तो आधी काही काल्पनिक पातळ्या मांडतो: पोकळीची डावी कड, उजवी कड, मधली रेषा, जमीन, माथा. त्यांच्यातल्या अंतरांना नावे देतो. मग चौकटीचा छेद आणि फळी या पातळ्यांना जखडून टाकतो. शेवटी रुंदी ६००, १२००, २००० अशी वेडीवाकडी बदलून पाहतो. फळी चौकटीबाहेर आली किंवा कडीने जागा सोडली, तर कुठलीतरी गाठ चुकलेली आहे. ही तपासणी आम्हाला फार आवडली. उपकरण वापरण्याआधी ते टोकाच्या मूल्यांवर चालवून पाहावे, असे आम्हीही विद्यार्थ्यांना सांगत असतो.

इथे बीजगणिताचा एक छान मुद्दा येतो. पोकळी, सैलपणा, बाहीची जाडी, खाच, फट आणि फळी या सहा राशी एका समीकरणात आहेत. पाच तुम्ही ठरवल्या की सहावी आपोआप ठरते. सहाही तुम्हीच ठरवल्यात तर त्यांचा एकमेकींशी मेळ बसेलच असे नाही, आणि संगणक कुरकुर करतो. म्हणजे एक राशी परतंत्र ठेवावीच लागते. ती कोणती, हा मात्र गणिताचा प्रश्न नव्हे, रिवाजाचा आहे. अमेरिकेत दार फळीच्या मापाने ओळखतात. तीन फुटी दार म्हणजे तीन फुटांची फळी. भारतीय मानकात ‘१० डीएस २१’ असे लिहिले तर ते पोकळीबद्दल असते: १०० मिलिमीटरचा एक घटक, असे दहा घटक रुंदी आणि एकवीस घटक उंची. आयते मिळालेले परदेशी दार आपल्या नकाशात टाकले आणि ‘रुंदी’ या रकान्यात आकडा भरला, तर तो आकडा नक्की कशाचा, हे दार बनवणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या शाळेच्या नकाशात ९०० पोकळीचे होते आणि बाईंच्या मनातले ९०० वाटेचे.

खिडकीच्या बाबतीत हाच घोटाळा उजेडाचा होतो. १२०० बाय १२०० ची दोन झडपांची लाकडी खिडकी घ्या. चौकट आणि झडपांच्या पट्ट्या साठ-साठ मिलिमीटरच्या धरून काचेचे क्षेत्रफळ काढा. ते पोकळीच्या साठ टक्क्यांहूनही कमी भरते. वर्गात पुरेसा उजेड येईल की नाही याचा हिशेब करताना पोकळीचे माप घेतले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आता भिंतीकडे वळू. भिंत हा एक इष्टिकाचितीसारखा ठोकळा. त्यातून दुसरा ठोकळा वजा केला की खिडकीची पोकळी तयार होते. ही वजाबाकी संगणक कशी करतो हा विषय मोठा आहे, पण त्यातला एक तुकडा आठवी-नववीच्या मुलांना नक्की आवडेल. ठोकळ्याचे शिरोबिंदू ८, कडा १२, पृष्ठे ६. ऑयलरच्या सूत्राप्रमाणे ८ − १२ + ६ = २. आता बटाट्याच्या जाड चकतीचा चौकोनी ठोकळा कापा आणि त्यात खिडकी पाडा. शिरोबिंदू १६, कडा २४, पृष्ठे १०. उत्तर पुन्हा २. दुसऱ्या ठोकळ्यात खिडकीऐवजी जमिनीपर्यंत जाणारे दार कापा. मोजा: शिरोबिंदू १६, कडा २४, पृष्ठे १०!

आकडे तेच, पण वस्तू एक नाहीत. खिडकीच्या भिंतीत दोरा ओवून गाठ मारता येते, तो निसटत नाही. दाराच्या भिंतीतला दोरा खालून निघून येतो. सूत्र फसले का? नाही. ऑयलरच्या सूत्राला प्रत्येक पृष्ठ अखंड लागते, मध्ये भोक असलेले चालत नाही. खिडकीच्या भिंतीची पुढची आणि मागची बाजू तशी सच्छिद्र आहे. या दोन्ही पृष्ठांवर बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत एक-एक रेघ ओढा. कडा २६ होतात आणि १६ − २६ + १० = ०. आरपार भोक असलेल्या वस्तूचे, मेदूवड्याचेसुद्धा, उत्तर शून्यच येते. दाराच्या भिंतीचे मात्र २ च राहते. ठोकळ्यांचा हिशेब बिनचूक राहावा म्हणून अशा आज्ञावल्यांच्या गाभ्यात याच जातीची सूत्रे वापरतात.

प्रत्यक्षात आणखी एक अडचण येते. भिंतीची जाडी ०.२३ मीटर आणि वजा करायच्या ठोकळ्याचीही तेवढीच ठेवली, तर पोकळीवर कधीकधी कागदासारखा पापुद्रा शिल्लक राहतो. संगणक द्विमान पद्धतीत आकडे साठवतो आणि तिच्यात ०.१ सारखी साधी संख्याही अचूक लिहिता येत नाही. संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीने ०.१ दहा वेळा मिळवले तर १ च्या किंचित अलीकडे थांबते. म्हणून जाणकार वजा करायचा ठोकळा भिंतीपेक्षा दोन्हीकडे थोडा जाडच घेतात. ओपनएससीएडी या मोफत आज्ञावलीत चार ओळी लिहून हा पापुद्रा मुलांना दाखवता येईल.

आणि पोकळीचे काय? वेगवेगळ्या आज्ञावल्यांमध्ये इमारतींची माहिती देण्याघेण्यासाठी आयएफसी नावाची एक पद्धत आहे. २०१३ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात पोकळी ही स्वतंत्र नोंद असते. भिंतीला पोकळी छेदते, पोकळीला दार भरते. दार पुसले तरी पोकळी राहते. नसलेल्या वस्तूला नाव-गाव देण्याची ही रीत प्रथम विचित्र वाटते, पण गवंड्याला हवे असते ते नेमके पोकळीचेच माप. आमच्याकडचे जुने गवंडी मात्र उलट्या क्रमाने जातात. आधी चौकट ओळंब्यात उभी करायची, तिला होल्डफास्ट ठोकायचे आणि मग दोन्ही बाजूंनी भिंत चढवायची. तिथे काहीच वजा होत नाही. भिंतच दाराला चिकटते.

डावे-उजवे हा प्रकारही संगणकात जपावा लागतो. मुलांचे स्वच्छतागृह काढून त्याचे आरशातले प्रतिबिंब मुलींसाठी घेतले की डावी दारे उजवी होतात, आणि यादीत ती वेगळी मोजली नाहीत तर सुतार सगळी एकाच हाताची करून आणतो. पुठ्ठ्याच्या तुकड्याला एका कडेला दोन कागदी बिजागऱ्या चिकटवून पाहा. साधी सपाट फळी उलटी, म्हणजे वरचे टोक खाली केली, की डावीची उजवी होते. कडी बसवली की ही सोय संपते, कारण मग फळीला वर आणि खाली असे टोक ठरते.

त्या शाळेतल्या दाराचे सांगायचे राहिले. संगणकात ९०० खोडून १०५० लिहायला क्षणभर पुरला. भिंतीत तसे नव्हते. दारावरचा लिंटेल दोन्ही बाजूंना १५०-१५० मिलिमीटर भिंतीत टेकलेला होता. पोकळी दोन्हीकडे ७५ ने वाढवली तर टेकायला निम्मीच जागा उरली असती. तेव्हा लिंटेल फोडून नवा टाकावा लागला. फळी नवी केली, आणि ती या वेळी बाहेर उघडणारी बसवली. काम तीन आठवडे चालले. तोवर त्या मुलीला दुपारच्या सुट्टीत घरी नेऊन आणत होते.