नाव माझं बाँड… बाँड झीरो!

सर्व्हरच्या पाठीमागे कधी डोकावलात? एकाच मशीनमध्ये दोन-दोन, चार-चार नेटवर्क केबल खोचलेल्या दिसतील. नुसती हौस नाही हं! आतून या केबल लागलेल्या सगळ्या नेटवर्क कार्डांची युती झालेली असते. बाहेरच्या जगाला दिसतो फक्त एक आयपी पत्ता. लिनक्समध्ये या युतीला बहुतेक वेळा नाव मिळतं बाँड०. आलं लक्षात शीर्षक?

माहीत आहे का, लिनक्समधल्या या युतीचा जन्म पैशांच्या तंगीतून झाला? वर्ष १९९४, ठिकाण अमेरिकेतलं नासाचं गोडार्ड सेंटर. थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ प्रोसेसरचे १६ साधे पीसी जोडून ‘बेवुल्फ’ नावाचा स्वस्तातला सुपरकॉम्प्युटर उभा केला. प्रोसेसर सुसाट, पण १० मेगाबिटचं इथरनेट धापा टाकायला लागलं! स्विच तेव्हा प्रचंड महाग. मग बेकरने नेटवर्कचे ड्रायव्हरच नव्याने लिहिले आणि ट्रॅफिक एकाहून जास्त इथरनेटवर वाटून टाकलं. आज जगभरच्या लिनक्स सर्व्हरवर जो बाँडिंग ड्रायव्हर चालतो, तो मुळात बेकरच्या याच बेवुल्फ पॅचमधून आला. जुगाड जिंकला!

आता एक देसी कनेक्शन. कॅलिफोर्नियात भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज यांनी भागीदारासोबत कंपनी काढली आणि तिला चक्क पत्नीचं नाव दिलं: ‘कल्पना’! जगातला पहिला मल्टिपोर्ट इथरनेट स्विच याच कंपनीचा. अनेक पोर्टची एक मोळी बांधणारं ‘इथरचॅनल’सुद्धा हिचंच. १९९४ मध्ये सिस्कोने अख्खी कंपनी विकत घेतली.

नावांचा गोंधळ बघा. सिस्कोवाले म्हणतात पोर्ट-चॅनल, विंडोजवाले टीमिंग, लिनक्सवाले बाँडिंग, फ्रीबीएसडीवाले लॅग. आणि ‘ट्रंक’? काही कंपन्यांच्या स्विचवर ट्रंक म्हणजे हीच मोळी. सिस्कोत मात्र ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन (आभासी नेटवर्क) वाहून नेणारी लाइन. दोन कंपन्यांचे स्विच जोडणाऱ्यांनो, सांभाळून!

जेम्सचा नंबर ००७. लिनक्सच्या बाँडचे मोड किती? बरोब्बर सात! शून्यापासून सहापर्यंत. मोड १ मध्ये एक कार्ड राबतं, दुसरं राखीव बसतं. मोड ३ तर भलताच उदार, प्रत्येक पॅकेट सगळ्या केबलवरून पाठवतो. मोड ६ मला सगळ्यात चलाख वाटतो. वेगवेगळ्या क्लायंटला तो वेगवेगळ्या कार्डाचा मॅक पत्ता कळवतो, त्यामुळे येणारं ट्रॅफिकही आपोआप वाटलं जातं. स्विचला पत्ताही लागत नाही!

मोड ४ म्हणजे प्रसिद्ध एलएसीपी, यात सर्व्हर आणि स्विच आपसात बोलून मोळी बांधतात. याचं स्टँडर्ड २००० मध्ये आलं, ८०२.३एडी या नावाने. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्समध्ये हलवलं, तरी लिनक्स आजही जुनंच नाव लावून बसलंय.

आता खरा धक्का. एक-एक गिगाबिटच्या दोन केबल जोडल्या, एक मोठी फाइल कॉपी केली. स्पीड किती? दोन गिगाबिट? छे, एकच! टोलनाक्यावर लेन कितीही वाढवा, तुमची गाडी एकाच लेनमधून जाते ना? तसंच. एका कनेक्शनची पॅकेट ओळीने पोचावीत, म्हणून मॅक, आयपी किंवा पोर्ट नंबरवरून हिशेब करून ते कनेक्शन एकाच केबलला बांधलं जातं. फायदा दिसतो तो शेकडो क्लायंट एकदम तुटून पडतात तेव्हा.

‘मग मोड ० वापरू की!’ हो, तो एकाच कनेक्शनची पॅकेट आळीपाळीने सगळ्या केबलवर सोडतो. पण पॅकेट मागे-पुढे पोचली की टीसीपीला वाटतं माल हरवला, आणि ते पुन्हा पाठवत बसतं. गंमत म्हणजे लिनक्स बाँडिंगचा डिफॉल्ट मोड हाच! मोड लिहायला विसरलात, तर हाच पदरी पडतो.

मग एकाच कनेक्शनला सुसाट पळवायचं कसं? उत्तर मल्टिपाथ टीसीपी, म्हणजे एकच कनेक्शन अनेक वाटांवर वाटणारं तंत्र. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १० गिगाबिटच्या सहा लिंक वापरून एका कनेक्शनवर सेकंदाला ५१.८ गिगाबिटचा विक्रम केला. सेकंदात अख्खी डीव्हीडी पार! त्याच वर्षी अ‍ॅपलने हेच तंत्र आयफोनच्या सिरीत आणलं, वायफाय आणि मोबाइल डेटासाठी.

संख्येचे शौकीन आहात? विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये एका टीममध्ये ३२ कार्ड बसायची. बत्तीस!

पण माझ्या मते बाँडिंगची खरी शान वेगात नाही, टिकून राहण्यात आहे. मोड १ चालू असताना /प्रॉक/नेट/बाँडिंग/बाँड० ही फाइल उघडून बघा. कोणतं कार्ड सध्या ड्यूटीवर आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. चालू केबल उपसा, फाइल पुन्हा उघडा. त्या कार्डाचं स्टेटस ‘डाउन’, फेल्युअर काउंट एकने वाढलेला, आणि ड्यूटीवर दुसरं कार्ड हजर! लिंकची तपासणी १०० मिलिसेकंदांवर ठेवली असेल, तर चालू एसएसएच सेशनही सहसा तुटत नाही.

मेख मात्र पुढे आहे. ही तपासणी फक्त शेजारच्या केबलपुरती. स्विचच्या पलीकडे काही मेलं, तर दिवा हिरवाच राहतो! मोड १ मध्ये त्यासाठी एआरपी मॉनिटर लावता येतो, तो पलीकडच्या ठरावीक पत्त्याला सतत हाक मारून बघतो. एलएसीपीत समोरचा स्विच गप्प झाला, तर स्लो रेटवर कळायला ९० सेकंद लागतात, फास्टवर फक्त ३. लिनक्सचा डिफॉल्ट? स्लो!

आणि दोन्ही केबल एकाच ड्युअल-पोर्ट कार्डात, एकाच स्विचला लावल्या असतील, तर कार्ड किंवा स्विच गेला की दोन्ही केबल एकदम गार. म्हणून एक केबल मदरबोर्डच्या पोर्टवर, दुसरी वेगळ्या कार्डावर लावा आणि स्विचही दोन ठेवा. एलएसीपी असेल, तर त्या दोन स्विचना एमलॅग (दोघांनी मिळून एकच मोळी सांभाळणं) यायला हवं, हे खरेदीआधीच विचारून घ्या. पुढच्या मेंटेनन्सच्या वेळी एकेक केबल उपसून बघाच!