कवितेला गुण देणारा बार

आमच्या तालुक्याच्या गावी एका साहित्य संमेलनाला जोडून झालेले निमंत्रितांचे कविसंमेलन मला नीट आठवते. यादीत सत्तावीस कवी होते. सूत्रसंचालक प्रत्येकाला 'एकच कविता' अशी विनंती करीत होते आणि प्रत्येक कवी 'अजून एक छोटीशी' म्हणून दुसरी सुरू करीत होता. रात्री साडेअकराला शेवटच्या कवयित्रीचे नाव पुकारले, तेव्हा मांडववाल्याची पोरे मागच्या खुर्च्या एकात एक घालून रचत होती. तिने त्या खडखडाटातच कविता वाचली. व्यासपीठावरच्या चौघांनी 'वा' म्हटले. त्यांतले दोघे एकीकडे परतीच्या गाडीची चौकशी करीत होते. त्या रात्रीतली सर्वांत चांगली कविता तीच होती असे मला आजही वाटते. पण हे तिला कळावे कसे? 'वा' तर सत्ताविसांनाही मिळाली होती.

शिकागोतल्या एका बारमध्ये वाढलेल्या 'पोएट्री स्लॅम' या प्रकाराविषयी मी गेली काही वर्षे जे वाचत, ऐकत आणि टिपत आलो, त्याच्या मुळाशी ही रात्र आहे. मी इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. सारी नोकरी हिशेबाच्या टेबलावर झाली. त्यामुळे गुणांच्या आकडेमोडीकडे माझे लक्ष जरा अधिक जाते, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

आधी जागेविषयी. शिकागोच्या उत्तर भागात अपटाउन नावाची वस्ती आहे. तिथे ब्रॉडवे आणि लॉरेन्स हे रस्ते मिळतात त्या नाक्यावर 'ग्रीन मिल' हा जॅझ क्लब आहे. १९०७ साली रस्त्याकडेचा एक गुत्ता म्हणून तो सुरू झाला आणि पुढे त्याला हे नाव मिळाले. दारूबंदीच्या काळात अल कपोनच्या टोळीतला जॅक मॅकगर्न याची इथे भागीदारी होती. १९२७ साली जो लुईस हा इथला गायक-विनोदकार जास्त बिदागीसाठी दुसऱ्या क्लबात गेला, तेव्हा टोळीच्या माणसांनी त्याचा गळा चिरला. तो बचावला, पण गाणे गेले. अशा जागी कविता कशी रुजली, असा प्रश्न आपल्याकडे सहज पडेल. माझा प्रश्न थोडा उलटा आहे. ती इथेच का रुजली? कारण हेच ते शहर, जिथे हॅरिएट मन्रो यांनी १९१२ साली 'पोएट्री' हे मासिक काढले आणि इंग्रजीतल्या आधुनिक कवितेला घर दिले. कवितेला शिकागोत जागेची वाण नव्हती. वाण होती ती ऐकणाऱ्याची.

१९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेत कविता बरीचशी विद्यापीठांत जाऊन बसली होती. कवी तिथे शिकवणार, त्यांचे विद्यार्थी कवी होणार, वाचनाला तेच विद्यार्थी बसणार. डेना जॉइया या कवीने १९९१ साली याच दुखण्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. पण त्याच्या सातेक वर्षे आधीच मार्क स्मिथ नावाच्या, बांधकामावर काम करणाऱ्या कवीने आपला उपाय सुरू केला होता. १९८४ पासून तो 'गेट मी हाय लाउंज' या लहानशा जॅझ बारमध्ये काव्यवाचने भरवू लागला. तिथे कवितेसाठी कोणी येत नसे. लोक बिअरसाठी येत. कवीला आधी त्यांच्या गप्पा थांबवाव्या लागत, मगच पहिली ओळ.

माझ्या समजुतीप्रमाणे सगळी गोम इथेच आहे. सभागृहात श्रोता शिष्टाचाराने बांधलेला असतो. कंटाळला तरी तो बसून राहतो, फार तर सतरंजीची सुते ओढतो. बारमधल्या माणसाने पेल्याचे पैसे दिलेले असतात आणि कवीचे तो काही लागत नाही. त्याने मान वळवली की कवीला तिथल्या तिथे निकाल मिळतो. स्मिथने हा निकाल अपमान न मानता कच्चा माल मानला.

१९८६ साली डेव्ह जेमिलो याने ग्रीन मिल विकत घेऊन डागडुजी केली. रविवारची रात्र धंद्याला मंद, म्हणून ती त्याने स्मिथला दिली. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात 'अपटाउन पोएट्री स्लॅम' सुरू झाला. स्मिथच्या हाताशी कवींचा एक चमू होता. कविता, संगीत, थोडे नाट्य असा कार्यक्रम ते करीत. पण दर आठवड्याला नवे कुठून आणणार? शेवटच्या भागात साहित्य अपुरे पडू लागले, तेव्हा वेळ भरून काढण्यासाठी त्याने एक लुटुपुटूची स्पर्धा लावली. प्रेक्षकांनी आधी टाळ्या आणि हुर्यो यांनी निवाडा करायचा. पुढे आकडे आले. ज्याला आज जगभर एक काव्यप्रकार म्हणून ओळखतात, त्याचा उगम असा भरतीच्या कलमात आहे. 'स्लॅम' हा शब्दही बेसबॉलच्या मैदानात आणि ब्रिजच्या पत्त्यांत वावरणारा. कवितेच्या गावचा नव्हे.

आता नियम. कवीने स्वतःची कविता म्हणायची. वेळ तीन मिनिटे, वर दहा सेकंदांची सवलत. त्यापुढे दर दहा सेकंदांना अर्धा गुण वजा. वेशभूषा नाही, वाद्य नाही, हातात वस्तू नाही. परीक्षक पाच, आणि तेही तिथल्या तिथे प्रेक्षकांतून उचललेले. कवितेची जाण ही अट नाहीच. प्रत्येकाने शून्य ते दहा गुण, दशांशासह, पाटीवर लिहून वर धरायचे. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सोडून मधल्या तिघांची बेरीज करायची. समजा ७.२, ८.१, ८.४, ८.९ आणि ९.६ असे आकडे आले. टोकाचे दोन गेले, उरले २५.४. कमाल ३०. टोके छाटण्यामागचा व्यवहार उघड आहे: कवीचा मित्र एका टोकाला बसतो, त्याच्यावर डूख धरणारा दुसऱ्या टोकाला. दोघांनाही बाहेर काढले की उरतो तो बिनओळखीचा माणूस.

आणखी एक बारकावा मला हिशेबनीस म्हणून फार आवडला. रात्र चढते तसे गुण चढतात, हे आयोजकांच्या लवकर ध्यानात आले. पेले रिकामे होतात, परीक्षक सैलावतात, आणि पहिल्या क्रमांकावर आलेला कवी हकनाक मरतो. म्हणून स्पर्धेत नसलेल्या एका कवीला आधी उभे करायचे आणि परीक्षकांनी त्याच्यावर हात साफ करून घ्यायचा. त्याला तिथे 'बळीचा कवी' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आमच्या सत्तावीस कवींच्या यादीत असा एक जरी जाणूनबुजून ठेवला असता तर! (अजाणता बरेच होते.)

पण ग्रीन मिलचा रविवार म्हणजे नुसती स्पर्धा नव्हे, आणि परक्या वर्णनांत नेमके हेच निसटते. संध्याकाळचे तीन भाग असत. आधी ओपन माइक: कोणीही यावे, यादीत नाव घालावे, म्हणावे. मग पाहुणा कवी. स्पर्धा शेवटी, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस दहा डॉलर. म्हणजे स्पर्धा हे शेपूट. अंग होते ते ओपन माइकचे, आणि तिथे गुण नव्हते, तरी निवाडा होता. कविता आवडेनाशी झाली की लोक चुटक्या वाजवीत. कवीला उमगले नाही तर पाय आपटीत. त्यानंतर सामुदायिक कण्हणे. पुरुषी मिजाशीची ओळ आली की बायका फूत्कार सोडीत. खुद्द स्मिथलाही सूट नव्हती. तो 'मी मार्क स्मिथ' म्हणाला की सगळा बार एका सुरात ओरडे, 'मग काय?' संस्थापकाने स्वतःवर लावून घेतलेला असा रिवाज आपल्याकडच्या एखाद्या साहित्यसंस्थेत कल्पून पाहावा.

इथे मराठी वाचकाला कलगी-तुरा आठवल्याखेरीज राहणार नाही. दोहोंत ऐतिहासिक धागा काहीच नाही, हे आधीच सांगतो. तुरेवाले शिवाला मोठे मानणार, कलगीवाले शक्तीला. एका फडाने भेदिक लावणीतून कोडे घालायचे, दुसऱ्याने त्याच चालीवर ते उलगडायचे, आणि हे रात्र सरेपर्यंत. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रंगतात, मुंबईत नाट्यगृहांत तिकीट लावून होतात. दोन्हीकडे कवीसमोर प्रतिस्पर्धी आहे आणि भोवती दाद-फिर्याद दोन्ही देणारा जमाव आहे. पण एक फरक मोठा आहे. भेदिकात उत्तर बरोबर की चूक, हे पुराणाच्या आणि शास्त्राच्या आधाराने ठरवता येते. जमाव तिथे साक्षीदार असतो. स्लॅममध्ये कवितेबाहेरचा आधारच नाही. त्या पाचांना त्या तीन मिनिटांत जे वाटले तोच निकाल. म्हणून तो निकाल जितका लोकशाही, तितकाच तकलादू.

तकलादू निकाल चालतो, जोवर त्याला थट्टा समजतात. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात मिगेल अल्गारीन यांच्या घरी जमणाऱ्या पोर्तो रिकन कवींतून 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे' उभा राहिला होता. मध्यंतरी बंद पडलेला तो अड्डा १९८९ साली पुन्हा उघडला आणि बॉब होलमन यांनी तिथे स्लॅम आणला. १९९० साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढच्या काळात संघांची संख्या सत्तरीपर्यंत गेली. १९९८ च्या 'स्लॅम' या चित्रपटाला सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत पारितोषिके मिळाली. २००२ पासून दूरचित्रवाणीवर मालिका आली. दहा डॉलरांची गंमत आता कारकीर्द होऊ शकत होती.

याचा कवितेवर परिणाम झाला नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारे भक्त आहेत. तीन मिनिटांत आणि एकाच ऐकण्यात गुण मिळवायचे, तर पहिल्या वाक्यात पकडावे लागते, एक ओळ पुनःपुन्हा आणावी लागते, शेवट उंचावर न्यावा लागतो. दुसऱ्यांदा वाचल्यावर उमलणारी कविता इथे मार खाते. सुझन सॉमर्स-विलेट या स्वतः स्लॅममध्ये उतरलेल्या कवयित्री-अभ्यासकाने २००९ च्या आपल्या पुस्तकात आणखी खोलवरची गोष्ट मांडली आहे. कवी मंचावर 'मी कोण' हे सांगतो. त्याचा वंश, वर्ग, लिंग, त्याने सोसलेले. आणि ते अस्सल वाटले की प्रेक्षक गुण देतो. म्हणजे गुण कवितेला मिळतात की अस्सलपणाच्या सादरीकरणाला? ध्वनिफिती ओळीने ऐकताना मलाही हे जाणवले. पाचव्या-सहाव्या कवीपर्यंत श्वास घेण्याच्या जागासुद्धा सारख्या येऊ लागतात. हॅरल्ड ब्लूम या समीक्षकाने २००० साली या साऱ्याला कलेचा मृत्यू ठरवले. ते मला अतिरेकी वाटते, पण त्यातली चीड समजते.

मात्र ब्लूम आणि भक्त या दोघांच्याही हातून एक भेद निसटतो. आठवडी बाजार आणि जत्रा यांत जो फरक, तोच रविवारच्या बारमध्ये आणि राष्ट्रीय स्पर्धेत. जत्रेतला विक्रेता पुन्हा दिसणार नसतो. त्याने एकदाच चकाकणारा माल आणला तरी भागते. आठवडी बाजारात पुढच्या रविवारी तेच गिऱ्हाईक समोर उभे राहते आणि 'मागच्या खेपेची मिरची नासकी निघाली' म्हणते. ग्रीन मिलच्या नेहमीच्या श्रोत्यांनी तीच कविता महिन्यात तिसऱ्यांदा खपवून घेतली नसती. चुटक्या वाजल्या असत्या. राष्ट्रीय फेरीसाठी घोटलेली एक कविता मात्र वर्षभर गावोगाव फिरवता येते, कारण परीक्षक दर ठिकाणी नवे. गुण देण्याची रीत तीच. बदलला तो श्रोता, आणि श्रोता बदलला की कवितेला जाब विचारणारे कोणी उरत नाही.

पॅट्रिशिया स्मिथ यांचे उदाहरण म्हणून मला फार बोलके वाटते. (मार्क स्मिथशी नाते नाही, आडनाव तेवढे एक.) त्या शिकागोत वृत्तपत्रात काम करीत आणि ग्रीन मिलच्या मंचावर घडल्या. राष्ट्रीय स्पर्धेतले वैयक्तिक विजेतेपद त्यांनी चार वेळा मिळवले, पहिले १९९० सालीच. म्हणजे जत्राही त्यांनी जिंकली. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. कतरिना वादळावरचा त्यांचा 'ब्लड डॅझलर' हा संग्रह २००८ साली नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होता, आणि २०१८ साली 'इन्सेंडिअरी आर्ट' पुलित्झरच्या अंतिम यादीत. अनोळखी माणसाला खुर्चीत धरून ठेवण्याची विद्या त्या बारमधून शिकल्या आणि ती छापील पानावर घेऊन गेल्या. २०२१ साली त्यांना रूथ लिली पारितोषिक मिळाले. ते देते 'पोएट्री' मासिक चालवणारी संस्था, म्हणजे हॅरिएट मन्रो यांच्याच मासिकाचे घर. एकाच शहरातली ती दोन घरे एकमेकांकडे यायला इतकी वर्षे लागली.

२०१८ साली राष्ट्रीय स्पर्धा भरवणारी संस्था बंद झाली. शेवटची स्पर्धा शिकागोतच झाली होती. जत्रा उठली, तेव्हा ग्रीन मिलमधला रविवारचा कार्यक्रम चालूच होता.

आपल्याकडे अलीकडे मुंबई-पुण्याच्या कॅफेंतून ओपन माइक होतात, मराठीतही होतात. दोन-चार ठिकाणी मी मागे बसून ऐकले आहे. तरुण मुले भीत भीत येतात, मोबाइलवरून वाचतात, आणि प्रत्येकाला सारखीच टाळी मिळते. चुटकी कोणी वाजवत नाही. वाजवावी असे मी एकदा शेजारच्या मुलीला म्हणालो, तर ती म्हणाली, "काका, मग पुढच्या वेळी कोणी येणारच नाही." तिचे चूक आहे असे ठामपणे म्हणवत नाही. ग्रीन मिलमध्ये लोक येत राहिले, कारण पाय आपटणारेही पुढच्या रविवारी परत येत होते. इथे पुढची तारीखच नक्की नसते.

आमच्या गावच्या त्या कवयित्रीची कविता नंतर कुठे छापून आली का, हे मी पुष्कळ दिवाळी अंकांतून शोधले. सापडली नाही. पुढचे संमेलन एका वर्षाने होते, आणि त्याच्या यादीत तिचे नाव नव्हते.